आजोबांची जीप त्यांच्याच काळाच्या भागांनी उभी करताना

तुम्ही लिहिलंय की खानापूरजवळच्या घरी, गोठ्यालगतच्या शेडमध्ये तुमच्या आजोबांनी घेतलेली १९६४ ची महिंद्रा जीप, सीजे-३बी, उभी आहे. आजोबा गेल्यापासून सतरा वर्षं ती हललेली नाही. इंजिन जाम आहे, मागचा पत्रा खालून सडलाय. दोन गॅरेजांत विचारलंत तर दोघांनीही डिझेल इंजिन, रुंद टायर, पॉवर स्टिअरिंग आणि नवी बॉडी सुचवली. तुम्हाला मात्र ती आजोबा चालवत होते तशी हवी आहे, आणि त्या काळाचे भाग आता बेळगाव-कोल्हापूर पट्ट्यात मिळतील का, असा तुमचा प्रश्न आहे.

मिळतील. मी तीस वर्षं बेळगावच्या उद्यमबागेत जुन्या पेट्रोल जिपांचं काम करतोय. भाग मिळाले नाहीत म्हणून अडलेल्या गाड्या मी थोड्या पाहिल्या. जास्त गाड्या अडल्या त्या याच कारणाने, की अंगावरचे मूळ भाग पहिल्याच आठवड्यात भंगारात गेले होते. म्हणून पहिली विनंती: गाडी रस्त्यावर धावेपर्यंत त्या शेडमधला एक वायसरसुद्धा टाकू नका. गंजलेला, वाकलेला, तुटलेला, कसाही असो.

मी शिकाऊ होतो तेव्हा निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याची जीप आमच्याकडे उघडली होती. रेडिएटरच्या जाळीमागची एक पट्टी इतकी सडली होती की हातात घेताच तिचे तीन तुकडे झाले. मी ते भंगाराच्या पोत्यात टाकले. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी मला सायकलवरून भंगारवाल्याकडे पाठवलं. "नवी करायची तर जुनी समोर पाहिजे की! माप कशावरून घेणार तू, आठवणीवरून?" दोन तुकडे सापडले, तिसरा नाही. त्या तिसऱ्या तुकड्यावरच्या भोकाचं अंतर ठरवायला आमचा अख्खा दिवस गेला.

त्यांनी शिकवलेला क्रम मी आजही पाळतो. आधी गाडीवरचाच भाग दुरुस्त करायचा. तो अगदीच गेला असेल तर त्याच काळाचा दुसरा शोधायचा. तोही नाही मिळाला तर आपल्याकडे बनवून घ्यायचा. आणि शेवटी, काहीच जमलं नाही तर आजच्या बाजारातला नवा नकली भाग. बहुतेक लोक हा क्रम शेवटून सुरू करतात. चकचकीत डब्यातला भाग हाताला बरा वाटतो, पण पुष्कळदा त्याचं बीड (ओतीव लोखंड) हलकं असतं, भोक अर्धा मिलिमीटर सरकलेलं असतं, आणि तो बसवताना शेजारचा चांगला मूळ भाग घासला जातो. या क्रमाला अपवाद रबराचा. चाळीस वर्षं गोदामात पडलेलं 'ओरिजिनल' सील, होज किंवा ब्रेकचं रबर कितीही कोऱ्या पाकिटात मिळालं तरी वापरू नका. लोखंड जुनं चालतं, रबर नवंच हवं. इग्निशनच्या कंडेन्सरचंही तसंच.

पाना हातात घेण्याआधी कागद बाहेर काढा. आरसी बुक आजोबांच्या नावावर असेल, तर मालकाच्या मृत्यूनंतर ते वारसाच्या नावावर करायला फॉर्म ३१ लागतो. पुस्तकावर म्हैसूर राज्य लिहिलेलं दिसेल, त्यात काही चूक नाही. कर्नाटक हे नाव १९७३ मध्ये आलं. (१९५६ च्या आधीच्या गाड्यांची नोंद तर मुंबई राज्याची असते, कारण तोवर आपला जिल्हा तिकडे होता.) मग चासी नंबर आणि इंजिन नंबर पुस्तकाशी ताडून पाहा. इंजिन नंबर ब्लॉकच्या पुढच्या उजव्या अंगाला, पाण्याच्या पंपाशेजारच्या सपाट जागेवर ठोकलेला असतो. तिथला मळ घासलेटने आणि ब्रशने काढा. त्या जागेवर ग्राइंडर कधीही फिरवू नका. नंबर पुसट झाला की आरटीओत उत्तर देता देता नाकी नऊ येतात.

कागद आधी अशासाठी म्हटलं की डिझेल इंजिनाचा निर्णय इथेच निकालात निघतो. २०२१ च्या जुलैमध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत 'व्हिंटेज' वाहनांची वेगळी तरतूद केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल न केलेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, पुढे फेरनोंदणीला ५,००० रुपये. आधीपासून नोंद असलेल्या गाडीला आपला जुना नंबर ठेवता येतो. तुमची गाडी वयाने कधीच पात्र झालीय. तिच्यात डिझेल इंजिन बसवलंत की ती या यादीतून बाहेर पडते, आणि मूळ इंजिन भंगारात गेलं की परतीची वाटच राहत नाही. दुसरी बाजूही लक्षात घ्या: व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला किंवा धंद्याला चालत नाही, प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं अशा कामांनाच ती रस्त्यावर काढता येते. शेतावर रोज न्यायची असेल तर साधी नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवत राहणं बरं. हे आधी घरात ठरवा.

आता तुमच्याकडे नक्की काय आहे ते बघू. आपल्याकडे कुठल्याही जुन्या जिपेला 'विलीज' म्हणायची पद्धत आहे, आणि भाग मागताना तिथेच घोटाळा होतो. दुसऱ्या महायुद्धातली विलीज एमबी वेगळी: तिच्या जाळीत नऊ उभ्या फटी, बॉनेट बुटकं, इंजिन साइड व्हॉल्व्ह, ६० अश्वशक्तीचं. नागरी सीजेच्या जाळीत सात फटी. त्यातली सीजे-३बी विलीजने १९५३ मध्ये काढली, आणि तिचं बॉनेट उंच दिसतं ते नव्या इंजिनामुळे. या 'एफ-हेड' इंजिनात आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये असतात. क्षमता तीच, २१९९ सीसी, पण इनटेकची नळी हेडमध्येच ओतलेली आणि कार्बोरेटर हेडच्या डोक्यावर, म्हणून उंची वाढली. १९४५ मध्ये महिंद्रा अँड मोहम्मद म्हणून सुरू झालेली आणि १९४८ मध्ये महिंद्रा अँड महिंद्रा झालेली कंपनी आधी विलीजच्या जिपा जोडायची, मग स्वतः बनवू लागली. त्यामुळे तुमच्या गाडीला बसणारे भाग अमेरिकी सीजे-३बीचेही असतील आणि इथल्या घडणीचेही. युद्धातल्या गाडीचे मात्र सगळे बसणार नाहीत. तिचा गिअर बॉक्स टी-८४, तुमचा टी-९०. पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारी ट्रान्सफर केस दोन्हींत स्पायसर १८, पण म्हणून डोळे झाकून भाग घेऊ नका, जुना भाग खिशात घेऊन जा.

काळ कुठला धरायचा हेही ठरवा. कारखान्यातून निघाली तशी, की आजोबांनी १९७० च्या दशकात वापरली तशी? मी दुसरं निवडेन. उसाची ट्रॉली ओढायला मागे लावलेला हूक, घरच्या लोहाराने घडवलेली पायरी, मागच्या पत्र्यावर हाताने रंगवलेलं 'लेफ्ट हँड ड्राइव्ह', हे त्या गाडीचंच आहे. डाव्या हाताचं स्टिअरिंग उजवीकडे घ्यायच्या भानगडीत तर अजिबात पडू नका.

इंजिन जाम आहे म्हणून घाबरू नका. सतरा वर्षांत रिंगा सिलिंडरला चिकटल्या असतील. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअर बॉक्सचं) तेल अर्धं-अर्धं मिसळून थोडं थोडं ओता, आठवडाभर तसंच राहू द्या, रोज थोडी भर घाला. मग पुढच्या हँडलने अगदी हळू, इकडे थोडं तिकडे थोडं, असं हलवत जा. सेल्फ मारू नका. गिअरमध्ये टाकून ट्रॅक्टरने ओढू तर मुळीच नका; कनेक्टिंग रॉड वाकवायचा तो सगळ्यात सोपा मार्ग आहे. जोर लावण्याआधी ब्लॉकच्या बाजूचं टॅपेट कव्हर काढून धुराचे व्हॉल्व्ह वर अडकलेत का बघा. पुष्कळदा पिस्टन मोकळे असतात आणि व्हॉल्व्हच अडकलेले असतात.

हेड काढताना एक जागा सांगतो, तिथे नवखा माणूस हमखास फसतो. बाहेरून दिसणारे सगळे बोल्ट काढले तरी एफ-हेडचं हेड सुटत नाही. एक बोल्ट कार्बोरेटरच्या खाली, इनटेकच्या पोकळीत लपलेला असतो. कार्बोरेटर काढा, तळाशी साचलेला काळा चिकटा पुसा, मग तो दिसतो. माझ्याकडे असं एक हेड आलं होतं ज्याचा कोपरा पहारीने उडवलेला होता. मालक दोन दिवस ते उचकटत होते. ते हेड मी निकेलच्या रॉडने जोडून दिलं. आधी सगळं तापवून, मग थोडं थोडं वेल्डिंग, आणि नंतर चुन्याच्या भुकटीत पुरून रात्रभर हळूहळू थंड केलं. बीड एकदम थंड झालं की शेजारी नवी भेग देतं.

ब्लॉक उघडला की धुराच्या व्हॉल्व्हच्या सीटपासून बोअरकडे (सिलिंडरच्या भोकाकडे) केसासारखी भेग गेलीय का, हे भिंगातून बघून घ्या. बोअरचं मूळ माप ३.१२५ इंच. बोअर त्याहून किती वाढवायचं ते आपल्याकडचे मशीनवाले वीस, तीस, चाळीस थाऊ असं मोजतात; थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. आधी पिस्टन मिळवा, हातात घ्या, मायक्रोमीटरने मोजा, आणि मगच ब्लॉक बोअरिंगला द्या. उलटं केलंत तर बोअर तीस थाऊचं करून बसाल आणि बाजारात पिस्टन मिळतील चाळीस थाऊचे.

आता ज्या गोष्टीत आपला भाग भाग्यवान आहे ती सांगतो. बेळगाव आणि कोल्हापूर दोन्हीकडे ओतकामाचे कारखाने आहेत, पॅटर्न (वाळूत साचा पाडायचा नमुना) करणारे आहेत, लेथवर हात बसलेले टर्नर आहेत. मुंबई-पुण्याचे लोक परदेशातून जे मॅनिफोल्ड मागवतात ते आपण इथे ओतून घेऊ शकतो. जिपांचं एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणारं ओतीव, बहुतेक वेळा भेगाळलेलं असतं, तुमचंही असेल. पण ओतताना एक चूक मी स्वतः केली आहे, ती तुम्ही करू नका.

पहिल्यांदा मी जुनं मॅनिफोल्डच पॅटर्न म्हणून वापरायला दिलं. भेग मेणाने बुजवली, वाळूत दाबलं, साचा सुंदर आला. ओतीव निघालं तेही सुबक, हातात घेऊन खूप आनंद झाला. इंजिनाला लावलं तर पहिल्या टोकाचा स्टड बसला आणि दुसऱ्या टोकाचा भोकाच्या कडेला टेकून राहिला. बीड थंड होताना आकसतं, एका फुटाला साधारण १/८ इंच. टोकाच्या भोकांमधलं अंतर पंधरा इंच धरलं तर जवळपास चार मिलिमीटर कमी भरतात. शिवाय जुना पृष्ठभाग घासून सपाट केलेला असतो, नव्याला घासायला जादा माल लागतो, तोही नव्हता. ते ओतीव अजून माझ्या फळीवर आहे. नव्या पोरांना मी ते इंजिनावर धरून दाखवतो.

बरोबर पद्धत अशी: जुना भाग फक्त मापासाठी ठेवायचा. पॅटर्न लाकडाचा, नव्याने, आकुंचनाच्या पट्टीवर करायचा. या पट्टीवरचा प्रत्येक इंच खऱ्या इंचापेक्षा किंचित मोठा असतो, पॅटर्नवाल्याकडे ती असतेच. बसण्याच्या तोंडांवर मशीनिंगसाठी सुमारे तीन मिलिमीटर जादा ठेवायचे. आतल्या पोकळीसाठी वाळूचा कोअर वेगळा लागतो, आणि खरं कौशल्य तिथेच आहे. कोअर हलला की भिंत एकीकडे जाड, एकीकडे कागदासारखी होते. पहिलं ओतीव मिळालं की ते कापा. हो, मधोमध कापा आणि भिंतीची जाडी बघा. एक ओतीव वाया जातं, पण पुढची सगळी खात्रीची होतात. आणि एकट्यासाठी ओतू नका. निपाणी, चिकोडी, गडहिंग्लज, आजरा या पट्ट्यात अशा जिपा असणारी चार घरं शोधा, पॅटर्नचा खर्च वाटून घ्या.

दुसरी गोष्ट आट्यांची. हिच्यावर मी जास्त बोलतो, कारण जुन्या गाड्यांचं सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. तुमच्या जिपेचे सगळे आटे अमेरिकी इंची आहेत, यूएनसी (जाड आटे) आणि यूएनएफ (बारीक आटे). आपल्या हार्डवेअरच्या दुकानात इंची बोल्ट मागितलात तर बऱ्याचदा बीएसडब्ल्यू, म्हणजे व्हिटवर्थ, हातात पडतो. पाव इंच, ५/१६, ३/८ या मापांत दोघांचे इंचाला आटे सारखेच, म्हणून तो आत जातो. पण व्हिटवर्थच्या आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकी आट्याचा ६०. वरवर बसल्यासारखं वाटतं, प्रत्यक्षात आट्याची फक्त कड धरून राहते, आणि इंजिनाच्या कंपाने काही महिन्यांत बीडातले मूळ आटे सोलून निघतात. अर्ध्या इंचाला तर व्हिटवर्थचे १२ आणि यूएनसीचे १३, तिथे तो चौथ्या-पाचव्या आट्याला अडतो.

मिलिमीटरचा बोल्ट याहून वाईट. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिलिमीटर, म्हणून आठचा बोल्ट दोन आटे सहज जातो, मग घट्ट होतो. माणसाला वाटतं गंज असेल, तो पाना लांब करून जोर लावतो. झालं. तुमच्या गाडीत मागच्या मिस्त्रींनी असं पाच-दहा ठिकाणी केलेलं सापडणारच. एक आटे मोजायचं गेज घ्या, तीनशे-चारशे रुपयांत मिळतं, आणि प्रत्येक भोक तपासून मगच बोल्ट लावा. खराब झालेल्या भोकात हेलिकॉइल (तारेच्या गुंडाळीचा नवा आटा) बसवून मूळ मापावर परत येता येतं. काढलेले बोल्ट भाग-भागानुसार वेगळ्या डब्यांत ठेवा. डब्यावर चिठ्ठी लावली तर ती तेलाने पुसली जाते. पत्र्याच्या तुकड्यावर खिळ्याने कोरून आत टाका.

चाकांचे नट सोडताना एक गोष्ट: जुन्या जिपांच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. स्टडच्या तोंडावर 'एल' ठोकलेला दिसेल. सरळ समजून पाईप घालून फिरवलं की स्टड तुटतो.

चासी पूर्ण उघडी झाल्यावर दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही मापं सारखी आली पाहिजेत. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर ८० इंच. स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी भेगा बघा. मूळ चासी रिव्हेटची आहे, आणि सैल झालेला रिव्हेट दिसला की गॅरेजवाले वेल्डिंग मारतात. तसं करू नका. रिव्हेट कापून नवा तापवून ठोका. हे काम प्रत्यक्ष बघण्यासारखं असतं. भट्टीतून नारिंगी-लाल रिव्हेट सांडशीने काढायचा, भोकात घालायचा, खालून एकाने जड ऐरण दाबून धरायची, वरून दुसऱ्याने पाच-सहा घाव. लाली उतरायच्या आत डोकं वळलं पाहिजे. थंड होताना तो आखडतो आणि दोन पट्ट्या अशा आवळून धरतो की मधून ब्लेडचं पातं जात नाही. आपल्याकडे बैलगाडीला धावा चढवणारे जुने लोहार अजून आहेत. मी दर वेळी त्यांनाच बोलावतो.

बॉडीबद्दल: नवी बॉडी घेऊ नका. खानापूरच्या पावसात तळ जातो, पण कंबरेच्या वरचा पत्रा सहसा चांगला असतो. तळाखाली टोपीच्या आकाराच्या आडव्या पट्ट्या असतात, कित्येक गाड्यांत त्यांच्या आत लाकूड भरलेलं असतं. ते पाणी धरून ठेवतं, आणि पत्रा आतून जातो. पट्ट्या नव्या करून घ्या, सडलेला भाग कापून चांगल्या पत्र्यापर्यंत या, आणि मूळ पत्र्याची जाडी मायक्रोमीटरने मोजून तेवढ्याच जाडीचा पत्रा जोडा. लांबी (पुट्टी) जितकी कमी भराल तितकं चांगलं. लांबीखाली ओल गेली की दोन पावसाळ्यांत फुगा येतो. मूळ रंग डॅशबोर्डच्या मागे किंवा नंबर प्लेटच्या पट्टीखाली सापडेल. तो तुकडा दुकानात नेऊन साधा इनॅमल जुळवून घ्या. पत्र्याचं आणि रंगाचं काम दिवाळी ते शिमगा एवढ्यातच आटपा. पावसाळ्यात उघडा पत्रा एका रात्रीत लाल होतो. ते चार महिने इंजिन, गिअर बॉक्स, स्टिअरिंग अशा छपराखालच्या कामांना ठेवा.

स्टिअरिंग डुलतं, पुढची चाकं थरथरतात, म्हणून लोक पॉवर स्टिअरिंग घालतात. या जिपांत पुढच्या आडव्या पट्टीवर एक बेल क्रँक असते, स्टिअरिंगची हालचाल चाकांकडे वळवणारा दांडा. तिची पिन आणि बुश झिजली की सगळा खेळ तिथून येतो. टर्नरकडून पिन आणि बुश नवी करा, किंगपिनच्या (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या पिनेच्या) बेअरिंगला शिमं, म्हणजे पातळ चकत्या, घालून ताण बरोबर करा. थरथर जाईल.

ब्रेकवर काटकसर नको. ड्रम नऊ इंची आहेत, ते पुरतात, पण पूर्ण यंत्रणा एकाच सर्किटची आहे. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. म्हणून सगळ्या नळ्या आणि होज नवे. मास्टर सिलिंडर तळपत्र्याखाली असतो, चिखलात राहून त्याचं बोअर खड्ड्याखड्ड्यांचं होतं. सिलिंडर मूळचाच ठेवा, आत स्टेनलेसची स्लीव्ह बसवून होनिंग करून घ्या. जुन्या लायनरची धूळ हवेने कधीही उडवू नका. त्या काळच्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

वीज ६ व्होल्टची आहे की १२ ची, हे डायनामो आणि सेल्फवरच्या पट्टीवरून ठरवा. ६ व्होल्टची निघाली तर 'ती कधी नीट सुरूच होत नाही' हे ऐकून बदलू नका. तेवढ्याच ताकदीला ६ व्होल्टमध्ये दुप्पट करंट लागतो, म्हणून बॅटरीच्या केबल जाड असाव्या लागतात. मधल्या काळात कुणीतरी बारीक केबल लावलेली असते आणि अर्थिंगच्या जागेवर रंग मारलेला असतो. दोन्ही दुरुस्त केलं की सेल्फ तडक फिरतो.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असतं, हे मात्र त्या काळच्या गाडीला माहीत नव्हतं. पंपाचा पडदा आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घाला, आणि महिनाभर गाडी काढायची नसेल तर कार्बोरेटर रिकामा करून ठेवा. टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली आहे. तिला डाग द्यायचा असेल तर आधी पाण्याने अनेकदा धुऊन, वाफ पूर्ण गेल्याशिवाय ज्योत जवळ नेऊ देऊ नका. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची.

टायर ६.००-१६, अरुंद. रुंद टायरने स्टिअरिंग जड होतं, चिखलात गाडी तरंगते. अ‍ॅक्सलचं प्रमाण ५.३८ असेल तर ताशी ६० ला इंजिन २,३०० च्या आसपास फिरतं, ८० ला ३,१०० च्या वर. ही गाडी ६० ची आहे. निपाणीच्या हायवेवर डाव्या कडेने जा.

भाग कुठे शोधायचे, तर आधी जवळ. निपाणी, संकेश्वर, गोकाकच्या जुन्या स्पेअर पार्टच्या दुकानांत माळ्यावर अजून मेणकापडात गुंडाळलेले पॉइंट, किंगपिन, बेअरिंगं निघतात. दुकानदाराला घाई करू नका, चहा घ्या, आजोबांच्या गाडीचा फोटो दाखवा. त्यानंतर कोल्हापूर, मग मुंबईचं ऑपेरा हाउस, बेंगळुरूचा जे. सी. रोड, दिल्लीचं काश्मिरी गेट.

दोन पावसाळे धरून चाला. पहिल्यांदा सुरू करताना प्लगची फट ३० थाऊ, पॉइंटची २०, टॅपेट इंजिन थंड असताना आत घेणाऱ्याला १८ आणि धुराच्या व्हॉल्व्हला १६, टायमिंग पिस्टन अगदी वर पोहोचण्याच्या पाच अंश आधी, फायरिंगचा क्रम १-३-४-२. हँडल मारताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवा, पलीकडून वळवू नका. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडतं. गिअर बॉक्समध्ये जीएल-४ तेल, जीएल-५ नको, ते आतलं पितळ खातं. पहिले पाचशे किलोमीटर ४५ च्या वर जाऊ नका, जांबोटीच्या चढावर खालच्या गिअरमध्ये राहा. मग तेल बदला आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर हेडचे बोल्ट टॉर्क पान्याने ६० ते ७० फूट-पाउंडवर पुन्हा कसा. त्यासाठी कार्बोरेटर काढावा लागेल. त्याच्या खालचा तो एक बोल्टही कसायचा आहे.